आबांच्या खिडकीसमोरचं भिरभिरं

माझा डावा डोळा धुरानं खाल्ला असं लोक म्हणतात. मी म्हणते, आबांनी खाल्ला. धुराला कसली आलीय अक्कल? वाट मिळेल तिकडं तो जातो. त्याची वाट अडवणाऱ्याला मात्र अक्कल होती, आणि ती त्यानं पुरेपूर वापरली.

आबा म्हणजे माझे चुलत सासरे. शेळगावात आमचं आणि त्यांचं घर एकमेकांना खेटून होतं. आमचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. चुलीच्या वर माळवदात हातभर रुंदीचं भोक ठेवलेलं होतं, त्याला सवणं म्हणत. उजेड तिथून आत यायचा आणि धूर तिथून बाहेर जायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या सवण्यातून आभाळाचा एक तुकडा दिसायचा. भाकऱ्या करताना मी अधूनमधून वर बघत असे.

एकोणीसशे तिसानंतरची ती सालं. कालव्याच्या पाण्यावर ऊस झाला, गुळानं आबांच्या घराला बाळसं आलं आणि त्यांनी माडी चढवायला काढली. जिन्यासाठी त्यांना आमच्या परसाचा कोपरा हवा होता. सासूबाईंनी दिला नाही. त्या विधवा बाई, आबांच्या धाकट्या भावजय, पण जागेच्या बाबतीत एक इंच हलणाऱ्या नव्हत्या. मग आबांनी माडीची भिंत सवण्याच्या अगदी काठाला आणून उभी केली. पश्चिमेचं वारं त्या भिंतीवर आपटायचं आणि तसंच खाली सवण्यात घुसायचं. धूर वर जायचा, भिंतीपाशी थबकायचा आणि पुन्हा माझ्या तोंडावर यायचा. त्यांनी स्वतःसाठी मात्र त्याच भिंतीत चांगली मोठी खिडकी ठेवली होती, दुपारच्या झोपेला वारा हवा म्हणून.

मी तीन दगडांची चूल मांडून परसात स्वयंपाक करीन म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "उघड्यावर भाकरी भाजायला आपुन काय जत्रंला आलोय व्हय?" झालं. सकाळ-संध्याकाळ मी त्या धुरात. आधी डोळे चुरचुरायचे, मग चिकटायला लागले, मग डाव्यावर साय धरल्यासारखं झालं. नवऱ्यानं बैलगाडीतून इंदापूरला नेलं. तिथल्या वैद्यांनी पापण्या उलटवून बघितल्या आणि नवऱ्याला म्हणाले, "डावा गेला. उजवा अजून हातात आहे. धुरातून बाहेर काढलीत तर राहील."

घरी आल्यावर सासूबाई स्वतः आबांकडं गेल्या. भिंत निदान वरून कमी करा, पोरीचा दुसरा डोळा जाईल, एवढंच म्हणाल्या. आबा खिडकीत बसले होते. मला खाली परसात ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "तिच्या डोळ्यात धूर न्हाय गेला. कामाचा कटाळा गेलाय."

सुनेनं चुलत सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काही सांगायचं झालंच तर सासूच्या कानात सांगायचं आणि सासूनं पुढं सांगायचं, मग तो माणूस दोन हातांच्या अंतरावर का उभा असेना. मी पदर ओढला आणि घरात गेले. पण त्या दिवसापासून मी आबांचं वाईट चिंतायला लागले. रोज, भाकरी थापता थापता, देवाचं नाव घ्यावं तसं नेमानं. त्यांची विहीर आटो, त्यांचे दात पडोत, त्यांच्या गुळाला मुंग्या लागोत. नवऱ्याकडून काही व्हायचं नव्हतं. त्याचं तोंड फक्त बैलांपुढं उघडायचं.

माझं माहेर बारामतीचं. भाऊ पत्र्याची कामं करायचा: डबे, कंदील, लग्नातल्या ट्रंका. चैत्रात तो मला बघायला आला तो खांद्यावर पोत्यात काहीतरी बोजड घेऊन. पोतं सोडलं तर आत पत्र्याच्या वाकड्या पात्यांचा एक गोल, केवढ्या तरी मोठ्या कांद्यासारखा. बारामतीला कालव्याच्या साहेबाच्या बंगल्यावर, स्वयंपाकाच्या धुराड्यावर ते बसवलेलं होतं. वारा लागला की ते फिरतं आणि फिरताना खालचा धूर ओढून बाहेर टाकतं. साहेबानं ते काढून भंगारात टाकलं होतं.

"का काढलं मग?" मी विचारलं.

"आरडतंय लई. पर वढतंय झकास," भाऊ म्हणाला.

त्यानं घासलेटच्या डब्यांचं पुरुषभर उंचीचं नळकांडं केलं, ते सवण्यात चिखलानं घट्ट बसवलं आणि त्याच्या डोक्यावर तो कांदा ठेवला. दुपारी वारं सुटलं. भिरभिरं गरगर फिरायला लागलं आणि माझ्या डोळ्यांदेखत चुलीचा धूर शेपटी धरून ओढावा तसा वर गेला. किती तरी दिवसांनी मला माझ्या स्वयंपाकघरातली पलीकडची भिंत दिसली. मी रडले. या वेळी धुरानं नव्हे.

आणि ते ओरडायला लागलं. पत्र्यावर विळा घासावा तसा आवाज. वारा जेवढा जास्त तेवढा आवाज मोठा, आणि आबांची खिडकी तिथून हातभर. पहिल्या दुपारी आबा खिडकीत आले, भिरभिऱ्याकडं बघितलं आणि खिडकी लावून घेतली. चैत्रातल्या दुपारी बंद खोलीत माणूस किती वेळ झोपेल? थोड्या वेळानं पुन्हा उघडली. खोटं कशाला सांगू, मला असं सुख लग्नातसुद्धा झालं नव्हतं. मी भाकरी थापत होते आणि वर ते ओरडत होतं. मला जे तोंडानं बोलता येत नव्हतं ते सगळं कुणीतरी माझ्या वतीनं बोलतंय असं वाटत होतं.

ते सुख फार टिकलं नाही. आबांनी मारुतीच्या पारावर चार म्हाताऱ्यांना बसवलं. म्हाताऱ्यांनी येऊन माळवदाखाली उभं राहून ऐकलं आणि सासूबाईंना सांगितलं, "येत्या बाजारापातूर आवाज बंद करा. न्हाय झाला तर भिरभिरं काढा." आबा त्यांच्यामागं उभे होते. आवाज बंद होणार नाही याची त्यांना खात्री होती. साहेबाला जे जमलं नाही ते आम्हाला कुठून जमणार!

माझा उजवा डोळा आता त्या बाजाराच्या दिवसावर टांगला गेला. भावाला निरोप धाडला, तर लगीनसराईच्या ट्रंकांतून त्याला मान वर करायला सवड नव्हती. त्यानं उलट निरोप धाडला की मधल्या लोखंडी दांड्याची भोकं झिजून मोठी झालीत, लोखंडावर लोखंड घासतंय, मधे काहीतरी घाला.

बायकांनी माळवदावर चढण्यात काही विशेष नव्हतं. उन्हाळ्यात पापड-मिरच्या वाळत घालायला आम्ही चढायचोच. मी पदर खोचला आणि वर गेले. आधी एरंडेल ओतलं. सकाळभर ते गप्प बसलं, दुपारी काजळी आणि धूळ तेलात मिसळून त्याचा चिखल झाला आणि ते पहिल्यापेक्षा वाईट ओरडलं. मग नवऱ्याकडून गाडीच्या चाकाचं वंगण मागून घेतलं. ते उन्हात पातळ होऊन नळकांड्यातून थेट माझ्या पिठल्यात गळलं. सासूबाई म्हणाल्या, "काढून टाक गं बाई, आपलं नशीबच धुराचं." आबा खिडकीतून बघत होते. हसत नव्हते, नुसते बघत होते. हसले असते तर मला कमी राग आला असता.

बाजाराच्या आदल्या दिवशी गोठ्यात जुन्या मोटेचा तुकडा दिसला. विहिरीतून पाणी काढायची ती कातड्याची मोट. वर्षानुवर्षं एरंडेल पाजून पाजून तिचं कातडं मऊ आणि चिवट झालेलं असतं. मी विळीवर त्याच्या दोन जाड चकत्या कापल्या, मधे दाभणानं भोक पाडलं. नवऱ्यानं शिडी धरली, एवढं धाडस त्यानं केलं. मी भिरभिरं उचलून काढलं, दांडा राखेनं घासून लख्ख केला, एक चकती खाली आणि एक वर घातली आणि ते परत बसवलं. बोटानं ढकललं. ते फिरलं, फिरतच राहिलं. आवाज म्हणाल तर सुपानं धान्य पाखडल्याएवढासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारे आले, कानामागं हात धरून उभे राहिले आणि बरं झालं म्हणून बाजाराला गेले.

आता खरी गंमत. घासत होतं तोवर ते अडून अडून फिरायचं. आता ते मोकळं फिरायला लागलं आणि धूर दुपटीनं ओढायला लागलं. तो सगळा धूर नळकांड्याच्या तोंडातून निघायचा तो बरोबर खिडकीच्या उंचीवर, आणि पश्चिमेचं वारं तो उचलून सरळ माडीत नेऊन ठेवायचं. आवाज बंद करा म्हणाले होते, मी केला होता. धुराविषयी पारावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी चुलीत ओल्या गोवऱ्या घालायला लागले. सासूबाईंनी विचारलं तर सांगायची, "वाळल्या गवऱ्या पावसाळ्याला ठेवल्यात, आत्याबाई."

मग माझी पाळण्यातली लेक किरकिर करायला लागली. दात येत होते, दुसरं काही नाही. पण सासूबाईंनी मीठ-मिरच्या-मोहऱ्या मुठीत घेऊन तिच्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. आमच्याकडं समज असा, की मिरच्या जळून ठसका लागला तर काही नाही. ठसका लागलाच नाही तर पोराला जबर दृष्ट लागली. मिरच्या तडतडल्या, काळ्या झाल्या, आणि घरात कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही. भिरभिऱ्यानं सगळा ठसका वर ओढून नेला होता. सासूबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात वर माडीत आबा खोकायला लागले. खोकले, थांबले, पुन्हा खोकले. सासूबाईंनी हळूच वर बघितलं आणि लेकीला पोटाशी धरलं.

"ज्याची लागली त्यालाच ठसका लागला बघ," त्या म्हणाल्या.

मला धुराची वाट ठाऊक होती. मी म्हटलं, "व्हय, आत्याबाई. आनि थोड्या मिरच्या घ्या."

त्या रोज दृष्ट काढायला लागल्या आणि रोज वर ठसका. आळीतल्या बायका मुद्दाम ऐकायला येऊन बसायच्या. मग निमगावचे पाहुणे आबांच्या मुलीला बघायला आले. आबांनी त्यांना मोठ्या दिमाखात माडीवर बसवलं. त्या दिवशी मी लेकीला चिमटा काढून रडवली. सासूबाईंनी मिरच्या आणल्या, मी त्यात मूठभर आणखी टाकल्या. पाहुणे पदरानं, टोप्यांनी तोंड झाकत जिन्यावरून खाली आले. पोरीचं लग्न मोडलं नाही, ते पुढं झालं, चांगलं झालं. पण आबांची लागलेली दृष्ट रोज चुलीत जळते, ही गोष्ट पाहुण्यांबरोबर निमगावला गेली. नंतर आळीतल्या बाया आबा दिसले की पोरांना आत घ्यायच्या. तेही मी बघितलं, आणि मला बरं वाटलं.

वैशाख संपता संपता आबा आमच्या दारात आले. सासूबाई बाजाराला गेल्या होत्या, हे बघूनच आले असावेत. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

"सूनबाई, लई झालं आता. त्ये भिरभिरं काढ. म्या भित खाली घेतो."

सासूबाई नव्हत्या, त्यामुळं कुणाच्या कानात सांगायची सोय नव्हती. मी पदर ओढला आणि थेट त्यांना म्हणाले, "आदी भित."

ते आले तसे माघारी गेले. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. माडीचं छप्पर उतरवलं, खिडकी काढली, एक-एक दगड खाली आला. भिंत पार माळवदाला लागली तेव्हा वारं मोकळं वाहायला लागलं. आता सवणं उघडं असतं तरी धूर गेला असता. पुढं इंदापूरच्या वैद्यांनी उजवा डोळा बघितला आणि आता भ्यायचं कारण नाही म्हणाले.

भिंत उतरली त्याच संध्याकाळी आबा पुन्हा आले. डोळे लाल, कपड्यांवर मातीचा फुफाटा. सासूबाई दारातच बसल्या होत्या, पण आबा त्यांच्याशी बोलले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "भित ग्येली. आता काढ त्ये."

मी परसात आले. उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि डाव्यानं त्यांच्याकडं बघितलं. आबा दिसले नाहीत. पडलेली भिंत दिसली नाही, आभाळ दिसलं नाही. हात काढला, आत गेले आणि चूल पेटवली. भिरभिरं मी काढलं नाही.