नव्या पाण्यातलं समुद्रफूल

सगुणाचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. लग्नाआधी पेणच्या बाजूला बापाच्या आगरावर, लग्नानंतर दोन कोस पलीकडे सासऱ्याच्या. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं की मीठ धरायला अजून किती दिवस लागतील हे ती सांगायची, आणि तिचं सहसा चुकत नसे. सासरा भल्याभल्यांचं ऐकत नसे, पण कोंडीत साठवलेलं खाडीचं पाणी पुढे सोडायच्या आधी सुनेला हाक मारायचा. मग एका उधाणात खाडीकडचा बांध फुटला. तो पुन्हा कुणी बांधला नाही. आगर बुडालं ते बुडालंच. नवरा बुधाजी डंपर चालवायला लागला आणि जिथे काम तिथे बिऱ्हाड करत दोघं रेवदंड्याला येऊन राहिली.

तिथे डॉक्टर निवेदितांनी दातांचा दवाखाना काढला होता. चौलला त्यांच्या घरची नारळी-पोफळीची वाडी, आणि सगुणा तिथे सुपारी सोलायला जायची. तिथूनच डॉक्टरांनी तिला दवाखान्यात आणलं. झाडलोट करायची, नंबर लावायचे, रडणाऱ्या पोरांना खुर्चीपर्यंत न्यायचं. काम तिला जमलं. पोरं मात्र रडायची थांबली नाहीत. म्हणून श्रावणात डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवून घेतली.

टाकी बसवायला पनवेलहून प्रीतम आला. माशांचं दुकान चालवणारा, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याने आणलेल्या बादलीत मीठ होतं. सगुणाने ते चिमूटभर चाखलं.

"समुद्र इथनं हाकेवर हाय, आन् मीठ पनवेलवरनं?" ती म्हणाली.

"किनाऱ्याचं पाणी घाण असतं, मावशी. हे माशांसाठी बनवलेलं मीठ आहे," प्रीतम म्हणाला. फिल्टरच्या गोड्या पाण्यात ते किती मिसळायचं, काट्याच्या डबीत पाणी घेऊन खारेपणा कसा बघायचा, हे त्याने तिला दाखवलं. दुसऱ्या खेपेला तिने डबी न लावताच पाणी बनवलं. प्रीतमने मोजलं तर काटा बरोबर जागेवर. तो हसला आणि डॉक्टरांना म्हणाला, "मॅडम, टाकी मावशींच्याच हातात द्या."

हे ऐकून सगुणा फार सुखावली. आगर गेल्यापासून तिला येणाऱ्या गोष्टीची कुणाला गरज पडली नव्हती.

महिनाभर टाकीत नुसते दगड होते. मग दोन क्लाउनफिश आले, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. थोरली मादी, धाकटा नर. पोरं काचेला नाक लावून उभी राहू लागली. पण ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, की यांचं ते फुलासारखं घर कुठाय. डॉक्टरांनी प्रीतमला फोन करून समुद्रफूल मागितलं.

"आत्ता नको, मॅडम," प्रीतम म्हणाला. फोन स्पीकरवर होता, सगुणा शेजारीच फरशी पुसत होती. "ते फूल दिसतं, पण तो प्राणी आहे, आणि नाजूक आहे. टाकी अजून कच्ची आहे. सहा-आठ महिने जाऊ द्या. मासे त्याच्याशिवाय मजेत राहतात."

"पाणी तर तू स्वतः बघितलंस. बरोबर आहे म्हणालास."

"मीठ बरोबर आहे. पण पाण्यात न दिसणारं बरंच काही असतं. पाणी जुनं व्हावं लागतं."

डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, "सगुणाताई, तुम्हाला काय वाटतं?"

असा प्रश्न तिला बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. तिने टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं. "पानी चांगलं हाय, मॅडम. काय होनार न्हाय."

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी प्रीतम समुद्रफूल घेऊन आला. मन नसताना आला हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने ते मधल्या दगडावर बसवलं. पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या तोंडावर त्याने जाड स्पंज चढवला आणि सगुणाला बजावलं, "मावशी, हा काढायचा नाही. धुवायचा असेल तर पंप बंद करायचा आणि लगेच परत घालायचा. हे फूल चालतं. जागा नाही आवडली तर सरकत सरकत कुठेही जाईल."

"झाडावानी बसलंय ते. चालतंय कसलं," सगुणा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी थोरलीने त्या फुलात अंग घातलं. आधी कडेकडेने, मग सरळ मधोमध शिरून ती लोळायलाच लागली. पाठोपाठ धाकटा. डॉक्टर हातमोजे न काढताच बाहेर येऊन बघत राहिल्या. त्या दिवशी एक मुलगी दाढ काढून घेतल्यावर रडत बाहेर आली आणि टाकीसमोर गप्प झाली. सगुणाने हे बुधाजीला घरी जाऊन दोनदा सांगितलं.

मग फूल आक्रसायला लागलं. सकाळी मूठभर, दुपारी थोडं उघडलेलं. रंग उतरला. तिने डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टर म्हणाल्या रुळत असेल. त्याच सुमारास स्पंजवर बुळबुळीत थर धरला आणि पंपाचा जोर कमी झाला. पाणी हललं नाही तर कुजतं, हे सगुणाला आगरातून ठाऊक होतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी तिने स्पंज काढला, धुतला आणि नळाजवळ वाळत ठेवला. त्याच्याविना पाणी कसं झकास फिरत होतं. फूल तर पंपापासून हातभर दूर, दगडावर. राहू दे दोन दिवस, असं तिने ठरवलं.

दिवाळीचे चार दिवस दवाखाना बंद होता. माशांना खायला घालायला ती रोज सकाळी यायची. पाडव्याला कुलूप उघडलं तर आतून सडका वास आला. टाकीतलं पाणी दुधासारखं. दगडावर फूल नव्हतं. ते पंपाच्या तोंडात ओढलं जाऊन चिंध्या झालं होतं आणि त्या चिंध्या सगळ्या पाण्यात फिरत होत्या. धाकटा तळाशी आडवा पडला होता. थोरली वर पाण्याच्या तोंडाशी धापा टाकत होती.

सगुणाने पंपाचं बटण बंद केलं. टाकीत बदलायचं पाणी ती नेहमी बनवून झाकून ठेवायची, त्या बादलीत थोरलीला जाळीने उचलून सोडलं, हवेची नळी लावली. डॉक्टरांना फोन करायला म्हणून ती वळली आणि नळाजवळचा स्पंज तिला दिसला.

तिने तो उचलला आणि पंपावर चढवला. मग फोन केला.

डॉक्टर चौलहून अर्ध्या तासात आल्या, नव्या साडीतच. त्यांनी स्पंज जागेवर पाहिला आणि प्रीतमला फोन लावला. "तू आजारी जनावर आणून दिलंस," त्या म्हणाल्या. पलीकडून तो काहीतरी सांगत होता, त्यांनी ऐकून घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर लिहिलं, की या माणसाकडून टाकी घेऊ नका. त्यांच्यातल्या अलिबागच्या एकीने प्रीतमला काम दिलं होतं, ते तिने रद्द केलं. हे डॉक्टरांनी सगुणाला सहज सांगितलं, चहा पिता पिता.

सगुणा अर्धा कप तसाच घेऊन धुवायला उठली.

चार दिवसांनी प्रीतम स्वतः आला. भांडायला नाही, पंप बघायला. डॉक्टर आत एका रोग्याचं काम करत होत्या. त्याने स्पंज काढला, पंप खोलला. आतल्या पात्यांना फुलाचे लगदे गुंडाळलेले होते. ते त्याने बोटांनी सोडवून काढले.

"मावशी, स्पंज स्वच्छ आहे," तो म्हणाला. "मग हे आत कसं गेलं?"

सगुणा नंबरांचे कागद सारखे करत राहिली.

प्रीतमने आवाज चढवला नाही. पंप पुन्हा जोडला, हात पुसले आणि बूट घालायला लागला. डॉक्टरांना हाकही मारली नाही. तो असा निघून चाललाय हे तिला सहन झालं नाही.

"थांब," ती म्हणाली आणि आतल्या खोलीचं दार ढकलून उभी राहिली. खुर्चीत एक माणूस तोंड उघडून पडला होता. "मॅडम, स्पंज मी काडला होता. ते मेल्यावर परत घातला. त्याची चूक न्हाय."

डॉक्टरांनी हातातलं अवजार ट्रेमध्ये ठेवलं. रोग्याला पाच मिनिटं मागितली. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"भ्याले."

"मला? मी तुम्हाला काय केलं असतं?"

कामावरून काढतील याची भीती तिला नव्हतीच, धुणीभांडी कुठेही मिळाली असती. पाण्यातलं हिला कळतं, हे म्हणणारं माणूस पुन्हा मिळालं नसतं. पण हे बोलून कसं दाखवायचं ते तिला समजेना.

प्रीतम दारातून म्हणाला, "मॅडम, स्पंज असता तरी ते जगलं नसतं फार. ते जागा सोडून निघालं, म्हणजे पाणी त्याला सोसत नव्हतं. मी नको म्हणालो होतो."

डॉक्टर ओशाळल्या. त्यांनी त्याची माफी मागितली, नीट, नाव घेऊन. ग्रुपवरही खुलासा लिहिला. अलिबागचं काम मात्र तोवर दुसऱ्याला गेलं होतं, ते परत आलं नाही.

सगुणाला त्यांनी काढलं नाही. पण पुढचे तीन-चार महिने कामापुरतंच बोलल्या, आणि पाणी बदलून टाकीत परत सोडलेल्या थोरलीला खायला स्वतः घालू लागल्या. सगुणा फरशी पुसताना टाकीच्या बाजूला बघायचं टाळायची. बुधाजी एकदा म्हणाला, "मासाच तर मेला." त्या दिवशी ती जेवली नाही.

प्रीतम पुन्हा यायला लागला, महिन्यातून एकदा, छोट्या बाटल्यांत पाणी तपासायला. सगुणाशी तो पूर्वीसारखाच बोलायचा, आणि त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. होळीच्या सुमारास डॉक्टरांना कार्यशाळेसाठी आठवडाभर पुण्याला जायचं होतं. निघताना त्यांनी माशाच्या खाण्याची डबी सगुणाच्या टेबलावर ठेवली. "सकाळी चिमूटभर. जास्त नको," एवढंच म्हणाल्या.

थोरली आता एकटीच असते. दगडाच्या कपारीपाशी, पाण्याबरोबर हलत. एका छोट्या मुलीने मध्ये विचारलं, "दुसरा मासा कुठे गेला?"

"मेला," सगुणा म्हणाली. "माझ्या हातनं मेला."

मुलगी आईला बिलगली. आईने कपाळाला आठ्या घातल्या. रोगी संपल्यावर डॉक्टरांनी सगुणाला बाजूला घेतलं आणि पूर्वीच्या आपुलकीच्या आवाजात म्हणाल्या, "सगुणाताई, पोरांना असं सांगत जाऊ नका. आधीच घाबरलेली असतात."

"बरं," सगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आणखी एका पोराने तेच विचारलं. सगुणाने क्षणभर टाकीकडे पाहिलं. "एकच हाय आता," ती म्हणाली आणि पुढच्या नंबराला हाक मारली.