नळचोरांची कैवारी

मुलुंड ते अंधेरी या टापूत चोराच्या शिक्षेची काळजी चोराच्या आईखालोखाल कोणी केली असेल, तर ती माझ्या आत्याने. उपनगरातल्या एका कोर्टात ती स्टेनो होती आणि आमच्याच घरी राहायची. वर्षानुवर्षं तिने मुकाट निकाल टाइप केले. मग एके दिवशी इमारतींचे पितळी नळ चोरणाऱ्या दोघांचे खटले शेजारशेजारच्या दालनांत निघाले. दोघांचाही पहिलाच गुन्हा, दोघांचीही कबुली. एकाला आठ दिवस, दुसऱ्याला सहा महिने. "मधे फक्त एक भिंत होती गं," असं म्हणून ती त्या दिवशी जेवलीच नाही.

तेव्हापासून तिने शिक्षांच्या नोंदींच्या वह्या घातल्या. नळाची वेगळी, सायकलची वेगळी, खिसेकापूंची दोनशे पानी. रजा काढून ती दुसऱ्या कोर्टांत जाऊन बसे. बोरिवलीच्या एका बारशात तिने एका हवालदाराला इतके प्रश्न विचारले, की तो बाळाला नुसता नमस्कार करून निघून गेला. घरातही तिचंच कोर्ट. बाबा गॅसचा नंबर लावायला विसरले, तेव्हा दोन दिवस चहा बंद. कबुली दिली म्हणून एक दिवस माफ. पुढे आई विसरली आणि साफ सुटली. बाबांनी समान न्याय मागितला, तर आत्याने कारण लिहून दिलं, 'आरोपी तापाने फणफणली होती.' बाबांनी ते वाचलं आणि निमूट नंबर लावायला गेले. तिचं म्हणणं एवढंच होतं. सारख्या गुन्ह्याला सारखी शिक्षा द्या, आणि फरक केलात तर का केलात ते लिहा.

निवृत्तीनंतर तिने पत्रांचा असा मारा केला, की सरकारच्या एका समितीने तिला बोलावलंच. आमच्याकडे नुकताच रंगीत टीव्ही आला होता, पण त्या आठवड्यात त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. मी सोबत गेले होते. अध्यक्षांनी विचारलं, "बाई, न्यायाधीशांचे हात बांधायचे म्हणता?"

"हात कशाला, साहेब? दोन ओळी जास्त लिहायच्या. टाइप करायला मला जड गेलं नसतं."

माझी मान ताठ झाली.

कायदा काही बदलला नाही. समितीचा अहवाल कुठे गेला, आम्हाला कधी कळलं नाही. पण ते बोलणं मागच्या खुर्चीवरून एक तरुण मॅजिस्ट्रेट ऐकत होता. वर्षभराने आत्याच्या कोर्टातल्या जुन्या मैत्रिणीने त्याच्या एका निकालाची कार्बन कॉपी आणून दिली. शेवटी दोन ओळी होत्या. आरोपीची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून शिक्षा पंधरा दिवसच. आत्याने भिंगातून ते तीनदा वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली. मग तारीख पाहून बोटांवर दिवस मोजले.

"म्हणजे परवाच घरी गेला असेल," ती म्हणाली. "आई असेल ना रे देवा त्याची?"