जित्या माणसाचा दुखवटा

आमच्या घरी पेपर आला की आधी निधनवार्ता वाचायच्या. माझे यजमान आमदार. केस पिकले तरी गावोगावी अजून 'भाऊ'च. लग्न चुकलं तर चालेल, मयत चुकता कामा नये, हा यांचा नियम. गाडी काढायची, त्या घरी सतरंजीवर बसायचं, हात जोडायचे, चार शब्द बोलायचे आणि पुढचं घर गाठायचं. यावरच यांनी इतक्या निवडणुका काढल्या, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी समुद्रपूरकडच्या एका खेड्यात गेलो. आमच्या एका कार्यकर्त्याची आई वारली होती. हे बसले आणि त्याच्या बायकोला म्हणाले, "लय वाईट झालं बाई. तुह्या नवऱ्यासारखा माणूस पुन्हा होनार नाई."

नवरा समोरच बसला होता, डोकं भादरलेला. त्या बाईचा हात आपसूक कुंकवाकडे गेला. "सासूबाईंचंच म्हनून राह्यले ते," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. परत येताना गाडीत यांनी हळूच विचारलं, "आपन कोनाकडे गेलतो?"

घरी आल्याबरोबर मी पोराला म्हटलं, बाबांना सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवू. तो भडकलाच.

"आई, तुले समजते का काही? तिथं रांगेत आपलेच मतदार बसून राह्यतात. एकानं जरी पाह्यलं तर तिकीट गेलं समज. निवडनूक होऊ दे, मंग नेऊ."

"अन् तोवर?"

"तोवर बाबांनी फक्त हात जोडाचे. बोलाचं मी पाहतो."

जसा काही गणपतीच बसवायचा होता. असा संताप आला मला! जन्मदात्या बापाबद्दल बोलत होता कार्टा. पण आमच्या घरात माझं ऐकतं कोण?

मग प्रचार सुरू झाला. भाऊंचा घसा बसला आहे असं सांगून सगळी भाषणं पोरानं ठोकली. हे उघड्या जीपवर हात जोडून उभे. लोक म्हणायचे, भाऊ किती शांत झाले. मी मागच्या गाडीत जीव मुठीत धरून बसायची. यांचं रोज काही ना काही हरवत होतं. आज चष्म्याची जागा, उद्या नातीचं नाव. हिंगणघाटच्या सभेत तर स्टेजवर यांनी माझा पदर धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. खालून बायका कौतुकानं हसल्या.

निकालाच्या दिवशी अंगणात गुलाल आणि डीजे. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. हे माझ्या कानाशी लागले. "कोन आलं निवडून?"

"तुमीच."

यांनी माझं मनगट गच्च धरलं. "मंग आता तरी मले दवाखान्यात नेशीन ना? माह्या डोक्यात काहीतरी होऊन राह्यलं. मले समजते. मले भेव लागते."

मी पोराकडे पाहिलं. तो शेजारीच होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. कपाळावरचा गुलाल पुसत तो हसून म्हणाला, "बाबा, आधी अधिवेशन होऊ द्या."