आखाजीपर्यंत

शेअरबाजार कोसळला त्या वर्षी मी जळगावच्या कॉलेजात होते. घरी इंग्रजी पेपर फक्त माझ्यासाठी येई. वडिलांची मोठी बहीण, अक्का, पारोळ्याच्या सासरहून कायमची परतली होती. स्वयंपाकघरालगतच्या खोलीत राहायची, उन्हाळाभर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करून विकायची. स्वतःच्या दोन खोल्या व्हाव्यात, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने लग्नातल्या पाटल्या जपल्या होत्या.

पावसाळ्यात वडिलांचे एक स्नेही आले. शेअरची दलाली करायचे. सुताच्या एका कंपनीचा भाव पार खाली आलाय, घ्यायची हीच वेळ, असं त्यांनी सांगितलं.

अक्का दारातून ऐकत होती. "कापूसना भाव पडस, तवय घरमा भरी ठेवतस. आखाजीले चढस. बठ्ठं सारखंच शे." अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात.

"बरोबर, अक्का," ते हसले. "उलट कापसाला उंदीर लागतात. कागदाची तीही भीती नाही."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "पेपरमा काय लिखेल शे?"

पेपर माझ्या मांडीवरच होता. त्या कंपनीचं बहुतेक सूत रशियाला जायचं. तो देशच फुटला होता आणि तिथले घेणारे गप्प झाले होते. गिरणी यातून उठेल असं दिसत नाही, असंही छापलं होतं. सकाळीच मी ते दोनदा वाचलं होतं. पण परक्या माणसासमोर मोठ्यांचं बोलणं खोडायचं कसं, ते मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

"भाव उतरलाय, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"एवढी फी भरली," वडील म्हणाले, "आणि पोरगी बोलते मोजून चार शब्द." सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सराफाकडे निघताना अक्का आईला म्हणाली, "वाईट ऱ्हातं तं पोर बोलती ना."

शेअरचे कागद आले. तिने ते धान्यात घालतात तसा कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवले. भाव घसरतच गेला. मी घाबरत सांगायचे, तीच मला धीर द्यायची, "आखाजी येऊ दे."

माघात गिरणी बंद पडली. पेपरच्या भावांच्या पानावरून कंपनीचं नाव गेलं. मी ते कुणालाच सांगितलं नाही.

आखाजीला गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, गाणी झाली. चार दिवसांनी पिशव्या भरून सगळ्या आपापल्या घरी गेल्या. अक्काला जायला घर नव्हतं. तिने पेटी उघडली आणि मला हाक मारली.

"आज काय भाव शे?"

"आज बाजार बंद होता, अक्का."

तिने कागद हाताने सारखे केले. मग पेटीतला वाळलेला पाला झटकला.

"मंग पुढली आखाजीले," म्हणाली, आणि ताजा पाला तोडायला अंगणात गेली.