पाचवी ओळ

शिवशंकर सरांची आणि माझी पहिली भेट एका भोपळ्याने घडवून आणली. लातुरात सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला खायला मी एका क्लासच्या इमारतीखालून चाललो होतो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून दहा किलोंचा भोपळा, कमरेला दोन उशा बांधून आणि वर कुणाच्या तरी आजीचं लुगडं नेसून, थेट माझ्या दिशेने निघाला. एवढं नटूनथटून माझ्या लग्नातही कुणी माझ्याकडे आलं नव्हतं. भोपळा वीतभर अंतरावर टेकला. वरून तीस पोरं आणि एक टक्कल ओरडलं, "फुटला का?" मला वाटलं, माझ्या डोक्याची चौकशी चालली आहे. "नाही," मी म्हणालो. वर टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यात माझ्या एका शब्दाला मिळालेली ती सर्वांत मोठी दाद.

ते टक्कल म्हणजे सर. मूळचे शिरूर अनंतपाळचे, आठवीला गणित शिकवत. भोपळा न फोडता खाली कसा आणायचा, हा त्यांचा त्या दिवशीचा धडा होता. पुढे आमची दोस्ती जमली, त्यात त्यांच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीचा वाटा मोठा.

सर दर शनिवारी पोरांची स्वतः काढलेली परीक्षा घेत. प्रश्नाखाली चार पर्याय आणि त्याखाली एक कोरी ओळ. 'चारही पटत नसतील तर तुझं उत्तर लिही.' पोरं त्या ओळीत काय काय लिहीत! सर ते मला वाचून दाखवत आणि स्वतःच इतके हसत की चटणी माझ्या वाट्याला जास्त येई.

मग क्लासची मोठी परीक्षा आली, उत्तराचा गोल भरायची आणि मशीनने तपासायची. तिच्या निकालावरून पहिली बॅच ठरायची आणि चांगले शिक्षक त्याच बॅचला. प्रश्न होता: एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल? औशाच्या पुनमने छापील चार गोल सोडले, शेजारी पेनाने पाचवा काढला, भरला आणि लिहिलं, 'आठ दिवस. नळ आठवड्याला एकदा, तासभरच येतो. मधे आईने वापरलं तर जास्त.'

मशीनने अख्खा कागदच नाकारला. पुनमला शून्य.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील श्रीमंतराव आले. क्लासचे मालक शेषेराव खुर्चीत होते, सर समोर उभे, मी सरांच्या डब्यापाशी.

"सर, चार गोल देऊनबी पाचवा काढायला शिकवायलाव व्हय?"

"श्रीमंतराव, तुमच्या गल्लीत नळ कधी येतो?"

"आठ दिसाला."

"मग पोरगी चुकली कुठं?"

"चुकली न्हाई हो! पन मशीनच्या घरी कुठं नळ येतो?"

शेषेराव हसले नाहीत. "सर, पोरीची परीक्षा पुन्हा घेतो. पण तुमची ती कोरी ओळ बंद. न्हाईतर पोरगी शेवटच्या बॅचला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नेमका त्याच वेळी घास तोंडात घातला होता. घास नसता तरी मी काही बोललो असतो, असं नाही.

"बंद करतो," सर म्हणाले.

पुनमने फेरपरीक्षा दिली. नळाचा प्रश्न पुन्हा होताच. तिने 'दोन तास'चा गोल भरला आणि ती पहिल्या बॅचमध्ये गेली. निकाल सांगायला आली तेव्हा सरांनी विचारलं, "खरंच दोन तासांत भरते का गं?"

"न्हाई सर," ती म्हणाली. "पन भरते असं लिहायचं असतंय."

त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

शेषेराव मात्र माणसाचा गुण ओळखणारे. "सर, तुमचं डोकं लई सुपीक हाय," म्हणत त्यांनी सरांना वर्गातून काढून प्रश्नपत्रिका विभागात बसवलं. बरोबर उत्तर संगणकातून येतं. पोरं फसतील अशी तीन चुकीची उत्तरं सर तयार करतात. दिवसाला साठ प्रश्न.