एक नंबरवरचा फ्रीज

माझ्या लग्नात सासरच्यांनी फ्रीज मागितला तो सासूबाईंच्या नावानं. त्यांना मधुमेह होता, रोज सकाळी इन्सुलिनची सुई घ्यावी लागायची, आणि ते औषध थंड जागी ठेवावं लागतं, असं माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, सौसरला आमच्या घरी बैठकीत सांगितलं. वडिलांना ते पटलं. आजारी बाईसाठी मागताहेत, असं ते आईला समजावत होते. एका दाराचा पांढरा फ्रीज माझ्याआधी पांढुर्ण्याला पोचला.

फ्रीजच्या आत वरच्या कोपऱ्यात एक गोल बटन होतं, त्यावर एक ते सात आकडे. आकडा वाढवला की गारवा वाढतो, हिवाळ्यात दोन पुरे, उन्हाळ्यात चार-पाचवर ठेवा, असं पोचवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं म्हणे. भासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि बटन एकवर आणलं. त्यानंतर त्याला हात लावायची घरात कोणाला मुभा नव्हती.

त्यांचं बाजारात किराणा दुकान होतं आणि घराचा कारभारही त्यांच्याच हाती. माझा नवरा शाळेत मास्तर, पण थोरल्या भावापुढं त्याची मान खाली. मी तर भासरे दिसले की डोक्यावरून पदर ओढून भिंतीला लागून उभी राहायची. त्यांच्याशी थेट बोलायची आमच्यात रीतच नव्हती.

हिवाळ्यात एकवर भागलं. उन्हाळा लागला, भिंती हाताला चटके देऊ लागल्या, तरी बटन एकवरच. वर भासरे सकाळी दुकानात जाताना फ्रीजचा प्लगच काढून ठेवत आणि संध्याकाळी आले की लावत. वीज वाचवणं हा त्यांचा आवडीचा विषय. गिऱ्हाइकाला साखर बांधून देतानाही ते त्याला दोन शब्द ऐकवत. दुपारी मात्र घरी जेवायला येऊन आडवे झाले की त्यांच्या खोलीतला कुलर उन्हं उतरेपर्यंत घरघरत राहायचा. त्या विजेबद्दल ते कधी बोलले नाहीत. बाहेर ओसरीत सासूबाई ओला पंचा मानेवर घेऊन बसलेल्या असायच्या.

त्या फ्रीजची मला शिसारी बसली. दार उघडलं की कोणीतरी तोंडाशी येऊन श्वास सोडावा तशी उबट हवा अंगावर यायची. नासलेलं दूध, तार सुटलेलं वरण, काळी पडलेली कोथिंबीर. दाराच्या रबरात झुरळांनी घर केलं. मुंग्या लागत नाहीत म्हणून भासऱ्यांनी दुकानातला गूळ त्यात आणून ठेवला. तो पाघळला आणि जाळीवरून खालच्या भाजीवर ओघळला. मी तो सुरीनं खरवडून काढत होते, तर त्यात झुरळाची तंगडी निघाली. मी मोरीत जाऊन ओकले. भासऱ्यांनी जावेकडून निरोप पाठवला की वरचा थर काढा, बाकीचा गूळ चांगला आहे, चहात घाला. ते स्वतः बाजारातून फडक्यात बर्फ बांधून आणत आणि आपलं सरबत वेगळं गार करून पीत.

सासूबाईंची लघवी तपासायचं काम माझ्याकडे होतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग निळा राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर फार. त्या उन्हाळ्यात नळी रोज विटकरी व्हायला लागली. सुई चुकत नव्हती, जेवण तर चिमणीएवढं. मी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं भावाला सांगितलं. भासरे म्हणाले, आई चोरून गोड खाते. आणि एका सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर आईची उशी उचलून झटकली, गादी उलटी केली, ट्रंकेतली लुगडी उपसली. निघालं काहीच नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या माणसाला मी तोवर भीत होते. त्या सकाळपासून मला त्याची किळस यायला लागली, फ्रीजची यायची तशीच.

त्याच दिवसांत सासूबाई जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेल्या. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना तळव्याला आणि बोटांना फोड आले, पण पाय बधिर असल्यामुळे त्यांना कळलंच नाही. फोड फुटला, चिघळला, करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडू लागलं. पट्टी मी बदलायची. पुवाचा वास सोसवत नाही असं म्हणून भासरे नाकाला रुमाल लावून ओसरीतून आत जात. मला त्या जखमेची शिसारी कधी आली नाही.

शेवटी माहेरी चार दिवस जाऊन येतो असं सांगून मी आणि नवरा सासूबाईंना सौसरला घेऊन गेलो. वडिलांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी पाय पाहिला, मग इन्सुलिनची बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पाण्यासारखं नितळ असायला हवं ते औषध गढूळ झालं होतं, काचेला पांढरे कण चिकटले होते. कुठं ठेवता, त्यांनी विचारलं. फ्रीजमध्ये, मी म्हणाले.

पुढचं सासूबाईंनीच सांगितलं, "फ्रीजमंदीच रायते जी औषध. पण फ्रीज बंद रायते."

डॉक्टरांनी बाटली केराच्या डब्यात टाकली आणि नागपूरची चिठ्ठी दिली. नागपूरला दोन्ही बोटं काढावी लागली. भासरे एकदा येऊन गेले आणि जाताना नर्सला सांगत होते की गोड खाण्यापायी हे झालं.

पांढुर्ण्याला परतल्यावर सासूबाई लंगडत फ्रीजपाशी आल्या. त्यांनी मला नवी बाटली आत ठेवायला आणि बटन पाचवर करायला सांगितलं. मग तिथंच पाट टाकून बसल्या. संध्याकाळी भासरे आले. फ्रीजचा आवाज ऐकून त्यांनी दार उघडलं, आकडा पाहिला.

"कोणं वाढवला?"

"मीनं सांगतलं तिले," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माह्या औषधाच्या नावानं आणला तू हा फ्रीज. माह्यासाठी म्हणून मागून आणला. आता बंद करशीन तं मी मेल्यावर कर."

भासऱ्यांनी फ्रीजचं दार लावलं आणि आपल्या खोलीत जाऊन कुलर सुरू केला.

त्यांना लाज वाटली असेल असं मला त्या दिवशी वाटलं होतं. पुढच्याच आठवड्यात मोहगावचे पाहुणे आले. मी पदर ओढून गार पाण्याचे पेले घेऊन उभी होते, आणि भासरे सांगत होते, "आईच्या तब्येतीपुढं आपण बिल पाहून नाही राहिलो. फ्रीज सरळ पाचवर ठेवला." पाहुण्यांनी मान डोलावली. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, असं त्यातल्या एका बाई म्हणाल्या. भासऱ्यांनी तो अख्खा पेला एका दमात संपवला आणि दुसरा मागितला.

वीज मीही वाचवते. कोणी नसलेल्या खोलीत दिवा ठेवत नाही. पण काटकसरीवर कोणी भाषण सुरू केलं की त्याच्या घरात उकाड्यात कोण बसतं, हे मी आधी पाहते.

त्याच वर्षी नवऱ्याची बदली बोरगावला झाली. सासूबाईंनी आमच्याबरोबर यायचं ठरवलं. फ्रीज न्यायचा विषय निघाला तेव्हा भासरे म्हणाले, फ्रीज घराचा आहे, घरातच राहील. सासूबाईंनी औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली आणि बैलगाडीत माझ्या शेजारी बसल्या.

बोरगावला कुंभाराकडून लहान मडकं आणलं, ते ओल्या वाळूच्या घमेल्यात ठेवलं आणि त्यात कोरड्या डबीत बाटली. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. औषध नितळ राहिलं. पायाची जखम तिथंच भरली.