कूस बदलताना

सैन्याच्या वैद्यकीय विभागात मी नर्सिंग असिस्टंट होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, पायदळाच्या एका पलटणीबरोबर होतं. पोस्टवरचा एमआय रूम, म्हणजे तिथला छोटा दवाखाना, माझ्या ताब्यात होता. मेडिकल ऑफिसर खाली हेडक्वार्टरला असायचे आणि गरज पडली की रेडिओवर सांगायचे. जवान मला ‘डॉक्टर साब’ म्हणत. मी डॉक्टर नाही हे त्यांना माहीत होतं, तरी म्हणत.

लोकांना वाटतं, असल्या ठिकाणी रोज गोळीच्या जखमा बांधाव्या लागत असतील. त्या पोस्टवर मी अशी एकही जखम बांधली नाही. माझे रोजचे पेशंट म्हणजे पाठ आणि कंबर. रॉकेलचे जेरीकॅन, रेशनची पोती, दारूगोळ्याच्या पेट्या, सगळं माणसाच्या पाठीवरून वर यायचं. बर्फात पाय घसरला, अंगाला हिसका बसला, की उसण भरायची. धडधाकट जवान बूट काढायला वाकू शकत नसे.

गोळी देणं सोपं होतं. अवघड होतं त्याला झोपवणं. कंबर धरलेला माणूस आडवा व्हायला घाबरतो. आडवा झाला तर हलायला घाबरतो. सगळं अंग आवळून पडून राहतो आणि सकाळी आणखी आखडून उठतो. म्हणून मी प्रत्येकाला हाताला धरून शिकवायचो. पाठीवर निजायचं तर गुडघ्यांखाली उशी. कुशीवर निजायचं तर दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. कूस बदलताना खांदे आणि कंबर एकदम वळवायची, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली आणि हाताने रेटा देऊन वर. हलताना श्वास सोडायचा, धरून ठेवायचा नाही. तिथे उशा कुठल्या असायला? जाडजूड पार्का कोट गुंडाळून, ब्लँकेटची वळकटी करून भागवायचो.

लान्स नायक हरेश हा पोस्टवरचा स्ट्रेचर बेअरर. मुरुडचा, कोळ्यांचा मुलगा. मी उरणकडचा आगरी. एका जिल्ह्याचे म्हणून आमचं लवकर जमलं. सुरुवातीला तोही माझा पेशंट होता. जेरीकॅन उतरवताना कंबर धरली आणि भिंतीला टेकून उभाच राहिला.

“निज,” मी म्हणालो.

“निजलो तर उठणार न्हाय, डॉक्टर साब.”

“उठवायला मी हाय ना.”

तो निजला, उठला आणि बराही झाला. पुढे त्याने ही विद्या उचलली ती कायमची. नवीन कोणाची पाठ धरली की माझ्याआधी हरेश त्याच्या बंकरमध्ये हजर. “गुडघ्यात उशी घे, मग तक्रार कर,” असं प्रत्येकाला सुनवायचा.

त्या हिवाळ्यात मी रजेवर घरी आलो होतो. दुपारी जेवून उठलो आणि पलटणीच्या सुभेदार मेजर साहेबांचा फोन आला.

“म्हात्रे, कुठे आहेस?”

“घरी, साहेब. उरणला.”

“हरेश गेला. गस्तीवर होता. वरून बर्फ आलं. बाकीचे वाचले.”

मी पायरीवर बसलो.

“ऐकतोयस ना?”

“हो, साहेब.”

“घरी कळवलंय. बॉडी उद्या संध्याकाळपर्यंत मुंबईला येईल. परवा सकाळी गावी. तू आधी जा. बापाची तब्येत ठीक नाही असं कळलंय. तो अग्नी द्यायला उभा राहू शकेल का, बघ. आणि म्हात्रे, तू पोस्टवर असतास तरी काही करता आलं नसतं. त्याला काढलं तेव्हाच संपलं होतं.”

“जय हिंद, साहेब.”

फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करंजाहून लाँच धरून रेवसला उतरलो. तिथून एसटीने अलिबाग आणि पुढे मुरुड. कोळीवाड्यात घर विचारावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशीच माणसं उभी होती.

हरेशचे वडील धर्मा नाखवा. स्वतःची होडी असलेले, म्हणून नाखवा. ते पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवलेले, अंग एका बाजूला कललेलं. चेहऱ्यावर घाम होता. बातमी येण्याच्या आदल्या दिवशी होडीचं इंजिन काढताना त्यांच्या कंबरेत उसण भरली होती. तेव्हापासून ते त्या खुर्चीतच होते. आडवे झालेच नव्हते.

मी पाया पडलो. नाव सांगितलं.

“डॉक्टर साब तुम्हीच का?” त्यांनी विचारलं. “पोरगा तुमचं नाव घ्यायचा.”

शेजारची एक म्हातारी म्हणाली, “पायाळू मानूस बोलावलाय. कंबरंत लाथ मारली का उसण उतरंल.”

मी हात जोडले. “मावशी, आज नको. आज लाथ बसली तर उद्या नाखव्यांना उभं राहता येणार न्हाय.” ती नाराज होऊन बाजूला झाली.

आधी मी विचारायचं ते विचारून घेतलं. लघवी नीट होते का? मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं का? पायातली ताकद गेलीय का? ताप आहे का? यातलं काही असतं तर त्यांना त्याच क्षणी गाडीत घालून अलिबागला हलवलं असतं. तसं काही नव्हतं. गावातल्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी सावकाश तपासलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेतलं.

“मणक्याचं काही वाटत नाही. स्नायू आखडलेत. पण हा माणूस झोपलेला नाही. असेच बसून राहिले तर उद्या इंजेक्शनचाही उपयोग होणार नाही.”

“झोपले तर?”

“झोपले तर उभे राहतील. ओझं मात्र उचलू देऊ नका.”

म्हणजे काम ठरलं. मी आतल्या खोलीत खाट बघितली. मध्ये खोलगट झाली होती, म्हणून गादीखाली फळी घातली. जमिनीवर अंथरलं असतं तर उठताना त्यांचे हाल झाले असते. मग बाहेर येऊन म्हणालो, “नाखवा, चला. जरा पाठ टेकू.”

“न्हाय.”

“दुखंल म्हणून भीती वाटते का?”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “पोरगा बर्फाखाली पडला. आन् मी गादीवर निजू?”

पोस्टवर मी ऑर्डर देऊ शकत होतो. तिथे हद्द माझी होती, इथे नव्हती.

हरेशची आई राधाबाई दाराशी बसली होती. ती उठली आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“उद्या तो दारात येनार. तवा तू खुर्चीत बसूनच ऱ्हानार हायस का? त्याला अग्नी कोन देनार? लोकं देनार?”

नाखवा खाली मान घालून बसले.

“ऊठ,” ती म्हणाली. “हा मानूस सांगतो तसं कर.”

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो. त्यांचे हात माझ्या खांद्यांवर घेतले. “श्वास सोडा. सोडत सोडत उठा.” ते उठले. ओठ दाबून धरले होते. खाटेपर्यंत आम्ही पाय घासत गेलो. खाटेच्या काठावर बसवलं.

“आता एकदम मागं पडायचं न्हाय. या कोपरावर या. मग खांदा. पाय मी उचलतो.”

“पीळ बसतो हो.”

“नाखवा, होडी वाळूवर कलती करता तेव्हा नुसता नाळेकडचा, पुढचा भाग वळवता का?”

“न्हाय. अख्खी होडी एकदम.”

“मग तसंच. खांदा आणि कंबर एकदम.”

त्यांनी डोळे मिटले. श्वास सोडला. अंग एका तुकड्यात वळलं. ते कुशीवर आले आणि तोंडातून हुंकार निघाला. दुखल्याचा नव्हता. दुखेल असं वाटलं होतं तितकं दुखलं नाही, त्याचा होता.

मी उशी मागायला वळलो, तर राधाबाई उशी घेऊन उभीच होती. मी सांगायच्या आधी तिने ती नवऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये सरकवली. दुसरी दुमडून पोटाशी दिली. गोधडीची वळकटी करून पाठीमागे लावली. एकही चूक नव्हती.

“कुणी शिकवलं, काकी?”

“गणपतीत आला व्हता तवा माझं गुडघं दुखत व्हतं,” ती म्हणाली. “त्यानंच दावलं. मी हसली व्हती त्याला. म्हटलं, फौजेत जाऊन उशा लावायला शिकलास का?”

ती भिंतीला टेकून बसली. मी गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून नाखव्यांच्या कंबरेला लावली. थोड्या वेळाने त्यांची बोटं सैल झाली. मग जबडा. मग श्वास लांब झाला. ते झोपले.

संध्याकाळी मी त्यांना उठवलं. एकाच अंगावर फार वेळ ठेवलं असतं तर पुन्हा आखडले असते. उठायची पद्धत त्यांच्याकडून करून घेतली. पहिल्यांदा घाई केली आणि चमक आली. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा मी हात मागे घेतला आणि ते आपले आपण उठले. पडवीपासून गल्लीच्या टोकापर्यंत आम्ही चाललो. गोळीबरोबर पेजेचे चार घोट घेतले. परत पाठीवर निजवलं, गुडघ्यांखाली उशी. रात्री कूस बदलायची तेव्हा ते मला हाक मारत नव्हते. मी शेजारी पडून ऐकत होतो. आधी श्वास सुटल्याचा आवाज, मग खाट करकरायची, मग पुन्हा शांत.

सकाळी डॉक्टरबाई येऊन दुसरं इंजेक्शन देऊन गेल्या. नाखव्यांनी आंघोळ केली, धोतर नेसलं. कंबरेला मी पट्टा बांधला. गाडीचा आवाज आला तेव्हा ते पडवीत उभे होते. कुणाला धरलेलं नव्हतं.

एस्कॉर्टबरोबर सुभेदार मेजर साहेब स्वतः आले होते. त्यांनी नाखव्यांना सॅल्यूट केला. तिरंग्यातली पेटी जवानांनी उतरवली. अंत्ययात्रा निघताना नाखवा खांदा द्यायला पुढे झाले. मी आडवा आलो.

“नाखवा, खांदा नको.”

“बाप हाय मी त्याचा.”

“मग हात लावून चाला. खांद्यावर घेतलंत तर वाटेतच बसाल. अग्नी कोन देनार?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं. मग पेटीच्या कडेवर हात ठेवला आणि समुद्राकाठच्या स्मशानापर्यंत तो हात काढला नाही. जवानांनी पावलं त्यांच्या चालीला जुळवून घेतली. तशी ऑर्डर कोणी दिली नव्हती.

गार्डने शस्त्रं उलटी केली. बिगुल वाजला. फैरी झडल्या. सुभेदार मेजर साहेबांनी घडी घातलेला झेंडा नाखव्यांच्या हातात दिला. तो घेताना ते वाकले नाहीत, सरळ उभे राहून घेतला. मग राधाबाईकडे देऊन अग्नी घेतला. चितेभोवती फिरताना एकदा थांबले. मी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी मान हलवून मला थांबवलं, श्वास सोडला आणि चालत राहिले.

दुपारी घरी आल्यावर ते स्वतःहून खाटेकडे गेले. कोपर, खांदा, पाय. भिंतीकडे तोंड करून निजले. राधाबाईने उशी लावली. मी निघायच्या तयारीत होतो. तेवढ्यात त्यांची पाठ हलायला लागली. बातमी आल्यापासून ते रडले नव्हते. आता प्रत्येक हुंदक्याला कंबरेत कळ येत होती आणि कळ आली की ते हुंदका अडवत होते.

मी जवळ जाऊन बसलो. “अडवू नका. उशी पोटाशी आवळून धरा. मग रडा. कमी दुखंल.”

खोकला आला, शिंक आली, तर हेच करायचं असतं. रडण्यासाठी मी ते आधी कुणाला शिकवलं नव्हतं. त्यांनी उशी दोन्ही हातांनी आवळली आणि मोठ्याने रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो. रडणं थांबलं तेव्हा हाताखालची पाठ मऊ लागत होती. ते झोपले तेव्हा मी शेवटची एसटी धरायला निघालो.

पावसाळ्यानंतर नाखवा पुन्हा होडीवर गेले. इंजिन आता माणसं लावून काढतात. मीही निवृत्त झालो. उरणला माझ्याकडे ट्रक चालवणारे, कंटेनर भरणारे, मिठागरात काम करणारे लोक पाठ धरून येतात. डॉक्टरकडे पाठवायचं त्याला मी डॉक्टरकडे पाठवतो. बाकीच्यांना खाटेवर निजायला लावतो आणि उठायला शिकवतो. काहीजण विचारतात, हे कुठे शिकलात? मग पोस्टचं सांगताना हरेशचं नाव निघतं.

तो कसा होता, हे विचारलं की मला त्याचं मरण सांगावंसं वाटत नाही. मी तिथे नव्हतो. मी बघितलेलं सांगतो. चढावर एखाद्याची पाठ धरलेली असली की हरेश त्याचं ओझं न विचारता आपल्या ओझ्यावर टाकायचा आणि पुढे निघून जायचा. आम्ही पोस्टवर पोचायचो तेव्हा तो दारात बसलेला असायचा, समोर दोन बॅगा.

“ही एक वाटेत पडलेली दिसली,” तो म्हणायचा. “कोनाची हाय?”

ज्याची असायची तो मुकाट्याने उचलून आत न्यायचा.